फोटोखाली कोण लिहितो?

माझ्या बापाचा एकही फोटो नाही.

१९७४ साली बाप गेला, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पाचव्या दिवशी भावकीतला कुणीतरी म्हणाला, फोटो आणा, हार घालू. पत्र्याची पेटी उघडली. आत रेशनकार्ड, मायचं एक धडकं लुगडं, माझी शाळेची गुणपत्रकं. फोटो नाही. भिंतीवर दोनच फोटो होते. एक बाबासाहेबांचा, एक बुद्धाचा. त्यांनाच हार घातले आणि उठलो.

दोन वर्षांत बापाचा चेहरा माझ्या डोक्यातून पुसायला लागला. आधी डोळे गेले. मग ओठ गेले. आवाज राहिला, विडीचा वास राहिला, चेहरा राहिना. रात्री अंधारात पडून मी तो जुळवायचा प्रयत्न करायचो आणि भलत्याच कुणाचा तरी चेहरा समोर यायचा.

मित्रांनो, मी कॅमेऱ्याकडे कलेसाठी गेलो नाही. कला-बिला मला माहीत नव्हती. बाप विसरायला लागलो म्हणून गेलो.

तेव्हाच्या औरंगाबादेत एका फोटो स्टुडिओत मी पोऱ्या म्हणून लागलो. झाडू मारायचा, चहा आणायचा, मग हळूहळू डार्करूममध्ये. लाल बल्बच्या उजेडात कोरा कागद डेव्हलपरमध्ये बुडवायचा, तबक हलवायचं. कागदावर आधी केस येतात, मग डोळ्यांची काळी भोकं, मग सगळा माणूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. वाटलं, इथं बाप सापडेल.

पण त्या तबकात वर येणारे चेहरे आपले नव्हते. लग्नं, मुंजी, बारशी, दुकानाचं उद्घाटन. आपली माणसं स्टुडिओत यायची ती फॉर्मसाठी. शिष्यवृत्तीचा फॉर्म, नोकरीचा फॉर्म. पासपोर्ट साइज, तीन प्रती. ताठ मान, घाबरलेले डोळे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांचा फोटो सरकारला हवा होता म्हणून निघायचा. घराला हवा म्हणून नाही.

मालकानं त्याचा जुना अ‍ॅगफा क्लिक थ्री माझ्या पगारातून कापून घेऊन मला दिला. साधा डबा. एका रोलमध्ये बारा फोटो. ऊन आणि ढग, एवढंच काय ते फिरवायचं. त्याची एक खोड होती. दहा फुटांच्या आत माणूस आला की तो पुसट. जवळ गेलात की हातचा गेला. ह्या खोडीनं मला पुढं फार शिकवलं.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरात त्याची राख अजून आहे. माझी आत्या, बापाची थोरली बहीण, परभणी जिल्ह्यातल्या एका गावात होती. निरोप आला, वस्ती जाळली. मी क्लिक थ्री उचलला, एक रोल घेतला. मायनं फडक्यात चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एसटी मिळेल तिथपर्यंत, पुढं पायी. पोचलो तेव्हा जळिताचा तिसरा दिवस होता.

डोकं ठिकाणावर नव्हतं. दिसेल त्याच्यावर कॅमेरा रोखत गेलो. जळकी कणगी, आतलं काळं पडलेलं धान्य. आढं खाली आलेलं. फुटका रांजण. एक पोर उकिरड्यापाशी रडत बसलं होतं, त्याच्या पार तोंडाशी गेलो. खट, खट, खट. अकरा फोटो संपले.

वस्तीत माणसं थोडीच उरली होती. बाकीची पाहुण्यांकडं, शहराकडं निघून गेलेली. आत्या मात्र तिथंच. मी म्हटलं, "तू का नाही गेलीस?"

"घर जळालं म्हून जागा जळत न्हाई बाबा. जागा सोडली की गेली."

ती भिंतीच्या कडेला बसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मला तिचे कोसळलेले खांदे हवे होते. खरं सांगतो, मला ती रडायला हवी होती.

"कशाचे फोटू काढायलास?"

"तुझा."

"असा? बसल्याली?" ती उठली. "उलीसं थांब."

आत गेली. आत म्हणजे काय, छप्पर नव्हतंच. बाहेर आली तेव्हा पदर सारखा केलेला आणि हातात बाबासाहेबांचा फोटो. चौकट एका बाजूनं जळलेली, काच तडकलेली. काच हाताला लागू नये म्हणून तिनं पदराचं टोक मध्ये धरलं होतं. जळक्या भिंतीला पाठ लावून ती सरळ उभी राहिली. मी दहा पावलं मागं सरकलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, एकदा माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं पाहिलं, परत कॅमेऱ्यात पाहिलं.

"आता काढ."

काढला. बारावा.

रात्री स्टुडिओ बंद झाल्यावर रोल धुतला. आधीचे अकरा फोटो म्हणजे चिखल. काही हललेले, काही वाकडे, रडणारं पोर पुसट. रागात हात थरथरतो आणि त्या डब्याचा खटका काही चपळ नव्हता. मग बाराव्या निगेटिव्हचा प्रिंट टाकला. तबक हलवत राहिलो. केस आले. डोळे आले. मग नाक आलं. ते नाक, त्याच्या खालची ती ओठांची ठेवण... माझा बाप समोर उभा होता. चार वर्षं शोधत होतो तो आत्याच्या तोंडावर बसला होता साला! मी त्या लाल अंधारात ओक्साबोक्शी रडलो. कागद डेव्हलपरमध्ये काळा होईस्तोवर तसाच राहिला. दुसरा टाकावा लागला.

तो फोटो घेऊन एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. नाव सांगत नाही. तिथल्या गृहस्थांनी फोटो उलटासुलटा पाहिला. म्हणाले, "ही तर फोटोला उभी राहिलेली दिसते. प्रसंग दिसत नाही." तरी ठेवून घेतला. तीन दिवसांनी छापून आला. वरचा अर्धाच. खांद्याखाली कापलेला. बाबासाहेब गेले, तडकलेली काच गेली, पदर गेला. नुसतं तोंड. आणि खाली दोन शब्द: मदतीच्या प्रतीक्षेत.

आत्या कुणाच्याच मदतीच्या प्रतीक्षेत नव्हती. पण ज्यानं ज्यानं तो पेपर वाचला, त्याच्यासाठी ती कायमची हात पसरून उभी राहिली. त्या दिवशी मला कळलं ते आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही बदललेलं नाही. फोटो मुका असतो. त्याच्याखाली जो लिहितो, फोटो त्याचा होतो.

मग आपल्या अंकात घ्यायचं ठरलं. पण आपला अंक सायक्लोस्टाइल! स्टेन्सिलवर अक्षरं कोरता येतात, रेघा मारता येतात, फोटो कसा उमटणार? दीडशे प्रती काढायच्या होत्या. मी म्हटलं, कॉन्टॅक्ट प्रिंट काढतो. निगेटिव्ह कागदावर ठेवायचं, वर काच, बल्ब लावायचा, मनात आकडे मोजायचे, बंद. जेवढं निगेटिव्ह तेवढाच फोटो, सहा सेंटिमीटरचा चौकोन. स्टुडिओतल्या इंदू कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या मी जमवून ठेवल्या होत्या. दोन रात्री जागलो. मित्रांनी स्टेन्सिलवर चौकट आखली, प्रती निघाल्या, आम्ही खळ लावून एकेक फोटो चिकटवला. फोटोखाली माझी कविता. आयुष्यातली पहिली.

त्या कवितेत मी काय घातलं नव्हतं! वणवा होता, ज्वालामुखी होता, हजारो वर्षं होती. आत्याच्या डोळ्यांत आग पेटली होती आणि त्या आगीत सगळी मनुस्मृती जळत होती. मित्रांनी पाठ थोपटली. च्यायला, काय लिवलंस! मीही फुगलो.

अंक घेऊन आत्याकडं गेलो. तिला वाचता येत नव्हतं. फोटोवर तिनं बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाली, "खाली काय लिवलंय?" मी मोठ्यानं वाचलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली,

"चांगलं हाय. पर आग-बिग काय नव्हती रं डोळ्यांत. दोन दिस पोटात काय नव्हतं. तुझ्या पिशवीत काय हाय का, ते बघत होते."

मित्रांनो, मायनं बांधून दिलेल्या त्या भाकरी मी परत येताना एसटीत खाल्ल्या होत्या. चारीच्या चारी.

मी मान वर करू शकलो नाही. आत्यानं तो विषय परत कधी काढला नाही. हसली आणि चहा टाकला. पण ती कविता तिथंच मेली. माझा राग खरा होता, माझं रडणं खरं होतं. पण त्या रागात मला समोरचं उपाशी माणूस दिसलं नव्हतं. मी माझा ज्वालामुखी तिच्या तोंडावर चिकटवला होता. पेपरवाल्यानं दोन शब्द चिकटवले, मी वीस ओळी. फरक काय?

पुढच्या अंकात तोच फोटो परत लावला. खाली चार ओळी. माझ्या नव्हेत, तिच्याच:

दोन दिसाची उपाशी हाये.
पदर सारखा केलाय.
काच फुटलीया, फोटू शाबूत हाये.
आता काढ.

ह्या वेळी कागदाच्या पट्ट्या पुरल्या नाहीत. तीसेक प्रतींत चौकट मोकळी राहिली, खाली ओळी तेवढ्या. आम्हाला वाटलं, वाया गेल्या. महिन्याभरानं नागसेनवनातल्या एका होस्टेलवर गेलो, तर एका पोराच्या खोलीत तो अंक भिंतीला टाचलेला. मोकळ्या चौकटीत त्यानं त्याच्या आईचा फोटो चिकटवला होता. फॉर्मसाठी काढलेला, पासपोर्ट साइज. खाली माझ्या आत्याच्या ओळी. आणि त्या त्याच्या आईलाही बसत होत्या! फॉर्मवरचा घाबरलेला चेहरा त्या ओळींवर एकदम ताठ उभा राहिला होता. फोटोला कविता जोडायची म्हणजे काय, ते मला कुठल्या पुस्तकानं नाही, त्या पोरानं शिकवलं.

पुस्तकं नंतर वाचली. तेव्हा कळलं की आपल्या तोंडाखाली दुसऱ्यानं लिहायची रीत फार जुनी आहे. १८६८ ते १८७५ ह्या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो आणि शेजारी वर्णन. ही जात आज्ञाधारक, ही जात चोरटी, ही जात अमुक कामाची. फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं काय म्हणणं आहे. फोटो साहेबाचा, अक्षरही साहेबाचं. आणि जात आपल्या गावची.

मग गॉर्डन पार्क्स वाचला. ब्लॅक लेखकांचं आपल्याशी नातं पँथरच्या काळापासून आहेच, पण हा कॅमेऱ्याचा माणूस. १९१२ साली कॅन्ससमध्ये गरिबीत जन्मला. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी खात्यात फोटोग्राफर म्हणून आला आणि दुकानात, खानावळीत, थेटरात काळा म्हणून हाकलला गेला. राग किती आला असेल! पण त्या रागात तो सुटला नाही. त्याच कचेरीत फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन नावाच्या बाईपाशी गेला आणि आधी तिची कहाणी ऐकून घेतली. मग तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभी केली. एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचं फडकं. ती रडत नाही, ओरडत नाही, सरळ बघते. तो फोटो जगभर गेला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की पार्क्स तिथं थांबला नाही. तिच्या घरी गेला, नातवंडांत बसला, तिच्या चर्चमध्ये गेला, फोटो काढत राहिला. कॅमेरा हे त्यानं निवडलेलं हत्यार होतं, त्याच्या आत्मचरित्राचं नावच तसं आहे. आणि ह्याच माणसानं १९६८ साली स्वतःचे फोटो आणि स्वतःच्या कविता एकत्र घालून पुस्तक काढलं. हत्यार आणि कविता त्याला दोन वाटल्या नाहीत.

जर्मनीचा ब्रेख्त तर कॅमेरा घेऊनही फिरला नाही. हिटलरच्या काळात देशोधडीला लागलेला असताना वर्तमानपत्रांतले युद्धाचे फोटो कापून ठेवायचा आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहायचा. १९५५ साली त्याचं पुस्तक आलं. म्हणजे दुसऱ्यानं काढलेला, दुसऱ्यानं छापलेला फोटो त्यानं खालून जिंकून घेतला. आपल्याकडं नामदेव ढसाळांच्या कवितांचा दिलीप चित्र्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००७ साली आला, त्यात हेनिंग स्टेगम्यूलर ह्या जर्मन माणसाचे फोटो आहेत. आणि सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो ज्यानं पाहिले नाहीत त्यानं पाहावेत. गटारात उतरलेला माणूस तिथं कीव मागत नाही. तुमच्याकडं बघतो आणि तुमची नजर खाली जाते.

ही मोठी माणसं. माझा अनुभव डब्या कॅमेऱ्याचा. पण एक सांगतो. भावना बाजूला ठेवून फोटो काढा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तटस्थ राहा म्हणतील. ऐकू नका. ज्याचं घर जळलं नाही त्याला तटस्थता परवडते. पण आपली भावना कॅमेऱ्याला काय करते हे ओळखा. राग आला की हात हलतो. लाज वाटली की माणूस लांबून, पाठीमागून फोटो काढतो. कीव आली की कॅमेरा वरून खाली बघायला लागतो. कधीही बघा, कीव करणाऱ्याच्या फोटोत माणसं जमिनीवर बसलेली असतात आणि तो उभा असतो. माया असली की गुडघे आपोआप वाकतात, डोळ्याला डोळा लागतो. भावना तुम्हाला कुठं उभं करते, तिथून फोटो ठरतो. खटका शेवटी.

आणि खालची कविता? फोटोत दिसतं तेच परत सांगू नका. तो आंधळ्याला हात धरून चालवल्यासारखा प्रकार होतो आणि वाचणारा आंधळा नसतो. जे फोटोत येत नाही ते लिहा. भूक फोटोत येत नाही. वास येत नाही. कॅमेऱ्याआधी काय झालं, नंतर काय झालं, येत नाही. बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढलं त्याचं नाव 'मूकनायक' ठेवलं. मुक्याचा नायक व्हायचं तर त्याच्या तोंडात आपले शब्द कोंबून चालत नाही. त्याच्याजवळ बसावं लागतं.

आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. बारा फोटोंची मर्यादा नाही, रोलचा खर्च नाही, दहा फुटांची अट नाही. मला हेवा वाटतो आणि भीतीही वाटते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं, त्यानंतर त्या माय-लेकरांच्या प्रेतांचे फोटो गावोगाव फिरले. मीही ते हातात धरून मोर्चात चाललो. ते फोटो नसते तर कुणाचा विश्वास बसला असता? हे खरंच आहे. पण त्या रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही. त्या मायला कुणी विचारलं असतं तर तिनं हाच फोटो दिला असता का? की तीही म्हणाली असती, उलीसं थांब, पदर सारखा करते? ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण प्रश्न तुमच्या हाती देतो. बोट पुढं सरकवण्याआधी एकदा विचारा.

आत्या २००९ साली गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फ्लेक्स करायचं ठरलं. फोटो? तोच. तिचा दुसरा चांगला फोटोच नव्हता. नातू फ्लेक्सच्या दुकानात घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर मागची जळकी भिंत काढून टाकली होती. तिथं तळं, कमळं आणि लांब एक डोंगर. पातळ निळं केलं होतं. मी भडकलो. म्हटलं, भिंत परत आण!

नातू शांतपणे म्हणाला, "काका, आज्जी त्या भिंतीपुढं तीस वर्षं उभीच आहे. आता तरी तिला चांगल्या जागी उभं राहू द्या की."

मी गप्प झालो. पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिचं त्याच्यावर जेवढं होतं तेवढंच माझ्यावर. माझी भिंत, त्याचं तळं. पण एक मात्र मी सोडलं नाही. फ्लेक्सवाल्याला म्हटलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' नको. चार ओळी सांगतो, त्या टाक. त्यानं टाइप केल्या. म्हणाला, ओळींचे पैसे नाहीत, फ्लेक्स चौरस फुटावर असतो.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. सहा सेंटिमीटरचा चौकोन सहा फुटांचा झाला होता. कमळांमधून माझ्या बापाचं नाक घेऊन आत्या उभी. हातात बाबासाहेब. काच तडकलेली, ती दुकानातल्या पोराच्या नजरेतून सुटली होती. शाळेत जाणारी दोन पोरं थांबली. लहानी अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचत होती. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. मग मोठीनं दप्तरातून मोबाइल काढला, चार पावलं मागं सरकली आणि थांबली.

लहानीनं शेवटची ओळ वाचली, "आता काढ."